जुन्या फ्लॉप्यांची सूची कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीतल्या माझ्या घराच्या मधल्या खोलीत आज १,८०० च्या वर फ्लॉप्या आहेत. बंद पडलेली डीटीपी सेंटरं, दोन छापखाने, कॉम्प्युटर क्लासेस, एक जिनिंग, एक पतसंस्था आणि कितीतरी घरांचे माळे इथून त्या आल्या. परभणी, नांदेड, लातूर, बीड, जालना अशा सगळीकडच्या आहेत. गेली सहा वर्षं मी त्यांची सूची करतोय. घरात अशा फ्लॉप्या सापडलेले लोक फोन करतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

एवढ्या जुन्या फ्लॉप्यांत जपण्यासारखं असतं तरी काय?

साधारण १९९० ते २००५ या काळात आपल्याकडे जे जे छापलं गेलं, त्यातलं बरंचसं आधी कुणीतरी कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि फ्लॉपीवर घालून प्रेसला नेलं. लग्नपत्रिका, सप्ताहाच्या पत्रिका, साप्ताहिकं, दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गावच्या शाळेच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं. छापलेल्या प्रतींना वाळवी लागली, काही पावसात भिजल्या, काही रद्दीत गेल्या. त्यातलं इंटरनेटवर जवळजवळ काहीच नाही. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या साप्ताहिकाच्या अंकांची एकही छापील फाइल उरलेली नाही, पण पानं फ्लॉपीवर आहेत, असं माझ्या संग्रहात दोनदा घडलंय.

खोकं उघडलं. आता आधी काय करू?

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी खोक्याचा फोटो काढा, आहे तसा, झाकण उघडून, वरून. मग ज्या क्रमाने फ्लॉप्या रचल्या आहेत त्याच क्रमाने एकेक बाहेर काढा आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. रबरबँडने बांधलेला गठ्ठा असेल तर तो गठ्ठा म्हणूनच नोंदवा. त्या पाच फ्लॉप्या कुणीतरी एकत्र बांधल्या होत्या, ही सुद्धा माहितीच आहे. रंगाप्रमाणे किंवा कंपनीप्रमाणे लावायचा मोह होतो. तो आवरा, कारण मोडलेला क्रम परत लावता येत नाही.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. खोकं ज्यांच्याकडून आलं त्यांच्याशी त्याच दिवशी बोलून घ्या. दुकान कुठे होतं, कोण टाइप करायचं, कुठला फॉन्ट वापरायचे, छपाई कुठे व्हायची, हे सगळं विचारा. फ्लॉपी आणखी दोन वर्षं थांबेल एक वेळ, पण सत्तरी ओलांडलेल्या काकांची आठवण तेवढी थांबेल याचा भरवसा नाही. माझ्याकडच्या निम्म्या चांगल्या नोंदी अशा गप्पांतून आल्यात. लेबल हातात दिलं की माणसाला अक्षर ओळखू येतं: "हे आमच्या शेख मास्तरांचं अक्षर, रविवारची पुरवणी तेच करायचे."

क्रमांक कसा द्यायचा?

साधा, सलग, चार आकडी. ०००१, ०००२, ०००३. क्रमांकात विषय, गाव किंवा साल कोंबू नका. पुढे कळतं की 'लग्नपत्रिका' म्हणून नोंदवलेल्या फ्लॉपीवर ऊसनोंदणीचा हिशेब आहे, आणि मग क्रमांकच खोटा ठरतो. गाव आणि विषय यांना नोंदवहीत वेगळे रकाने असतातच.

क्रमांक छोट्या चिठ्ठीवर लिहून मग चिकटवा. फ्लॉप्या दोन आकारांच्या असतात, साडेतीन इंची आणि त्याहून जुनी सव्वापाच इंची. साडेतीन इंचीवर पत्र्याच्या सरकत्या झाकणापासून लांब, आणि जुन्या लेबलवर मुळीच नाही. सव्वापाच इंचीच्या बाबतीत एक खबरदारी घ्याच: चिठ्ठी चिकटवल्यावर तिच्यावर बॉलपेनने लिहू नका. कव्हर मऊ असतं, पेनाचा दाब थेट आतल्या चकतीवर उमटतो.

नोंदवहीत काय काय लिहू?

क्रमांक, खोक्याचा क्रमांक, खोक्यातली जागा, कुणाकडून आली, आकार, क्षमता, कंपनी. लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसह. 'पत्रीका' असं लिहिलं असेल तर 'पत्रीका'च लिहा, दुरुस्त रूप शेजारच्या रकान्यात. गावांच्या नावांनाही हाच नियम. लेबलवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर तेच उतरवा, आणि शोधायला सोपं जावं म्हणून दुसऱ्या रकान्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. यानंतर वाचनाची तारीख, कोणता ड्राइव्ह वापरला, किती सेक्टर (म्हणजे चकतीवरचे मजकुराचे छोटे कप्पे) वाचले गेले नाहीत, फाइलींची यादी, फॉन्ट, आणि शेवटी शेरा. शेऱ्याला जागा भरपूर ठेवा.

मी आधी कागदाच्या वहीत लिहितो आणि रात्री स्प्रेडशीटमध्ये चढवतो. वीज गेली तरी वही चालू राहते. स्प्रेडशीटमध्ये क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर ०००७ चा ७ होतो. सीएसव्ही (स्प्रेडशीटची साधी मजकूर-फाइल) करताना यूटीएफ-८ हा अक्षरसंकेत निवडा. तीच फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की कधी कधी सगळ्या मराठीचा चोथा दिसतो. घाबरू नका, पण त्या अवस्थेत 'सेव्ह' दाबू नका. 'इम्पोर्ट'मधून उघडा.

राइट-प्रोटेक्ट नक्की कोणत्या बाजूला? नेहमी गोंधळ होतो.

कारण दोन्ही आकारांचं उलट आहे. साडेतीन इंचीवर कोपऱ्यातली खिडकी *उघडी* दिसली की फ्लॉपी सुरक्षित, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. सव्वापाच इंचीवर कडेची खाच *झाकली* की सुरक्षित. झाकायला काळी किंवा चंदेरी पट्टी घ्या. काही ड्राइव्हना खाच उजेडावरून कळते, त्यामुळे पारदर्शक सेलोटेप लावून उपयोग होत नाही.

ही पायरी कधीही गाळू नका. विंडोज ९५ आणि ९८ तर फ्लॉपी नुसती उघडून पाहिली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपली खूण लिहून ठेवतात. आणि 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' असं कॉम्प्युटरने विचारलं तर उत्तर कायम 'नाही'. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की या ड्राइव्हला ती वाचता आली नाही.

ड्राइव्ह कुठला घ्यावा?

साडेतीन इंचीच्या १.४४ एमबी फ्लॉप्यांसाठी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. बरेचसे यूएसबी ड्राइव्ह ७२० केबीच्याही वाचतात. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना, आत बसवायचा ड्राइव्हच लागतो. तो एक तर पेंटियमच्या काळातल्या चालू मशीनला जोडा, नाहीतर ग्रीसवीझलसारखा छोटा बोर्ड वापरा. हा बोर्ड एका बाजूने फ्लॉपी ड्राइव्हच्या ३४ पिनांच्या केबलला आणि दुसऱ्या बाजूने आजच्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडला जातो. चकतीवरचे चुंबकीय बदल तो जसेच्या तसे टिपतो, म्हणून अवघडलेली फ्लॉपी पुढे सावकाश, पुन्हा पुन्हा सोडवून बघता येते.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो. फ्लॉप्या देणाऱ्याकडे जुना कॉम्प्युटर असेल तर तोही मागून घ्या, बंद असला तरी. ड्राइव्हचं हेड, म्हणजे चकती वाचणारं टोक, वर्षानुवर्षांत थोडं सरकतं आणि त्याने लिहिलेल्या फ्लॉप्या त्यालाच नीट वाचता येतात. नांदेडच्या एका खोक्यातल्या ३१ फ्लॉप्या माझ्या तिन्ही ड्राइव्हवर अडत होत्या. दुकानातला मूळ ड्राइव्ह काढून आणला, पुसून जोडला, तर त्यातल्या २६ एका बैठकीत वाचल्या गेल्या. शिवाय त्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर फॉन्टही असतात. ते किती मोलाचे, हे पुढे सांगतो.

फाइली कॉपी करून घेतल्या की झालं ना? इमेज कशाला?

कॉपी केल्यावर फक्त दिसणाऱ्या फाइली येतात. इमेज म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळी फ्लॉपी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर, म्हणजे इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. इमेज त्याहून लहान आली तर काहीतरी राहिलं. इमेजमध्ये पुसलेल्या फाइलीही असतात. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फाइल डिलीट केली तर नावाचं पहिलं अक्षर आणि जागेची नोंद तेवढी जाते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो.

लिनक्सवर मी इमेज काढायला डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरतो. सोपा भाग तो आधी उचलतो, अडलेल्या सेक्टरांकडे नंतर परत येतो, आणि काय राहिलं त्याची मॅप फाइल ठेवतो. इमेज झाली की लगेच तिचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा खुणेचा आकडा) काढून नोंदवा. पाच वर्षांनी तीच इमेज जशीच्या तशी आहे का, हे एका मिनिटात कळतं.

फ्लॉपीवर पांढुरके ठिपके दिसतात. पुसून चालवू का?

अजिबात नको. ती बुरशी आहे. पत्र्याचं झाकण बोटाने सरकवा, मागच्या धातूच्या चकतीला धरून हळू फिरवा आणि उजेडात तिरकं धरून पूर्ण गोल तपासा. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असतो, म्हणून लोकांना वाटतं बुरशी कोकणात. पण माळ्यावर, गळक्या पत्र्याखाली चार पावसाळे काढलेल्या फ्लॉप्यांवर ती हमखास असते.

माझ्या हातून दुसऱ्याच वर्षी हे झालं. जालन्याच्या खोक्यातली एक फ्लॉपी मी न तपासता घातली. ड्राइव्हमधून खरखर आली तरी थांबलो नाही. बुरशी आणि सुटलेला थर हेडला चिकटला, आणि त्यानंतर घातलेल्या तीन चांगल्या फ्लॉप्यांवर गोल चरे पडले. त्यातली एक कवितासंग्रहाची एकमेव प्रत होती. त्या दिवसापासून प्रत्येक फ्लॉपी आधी डोळ्याखालून जाते, आणि संशयास्पद फ्लॉपीनंतर हेड साफ केल्याशिवाय दुसरी आत जात नाही.

साफ करायची तर मास्क लावून, अंगणात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड किंवा कापसाची काडी, आणि अगदी हलका हात. आधी कडेला थोडं पुसून बघा. काडी तपकिरी झाली तर थांबा, थर सुटतोय. सव्वापाच इंचीचं कव्हर एका कडेने कापून चकती बाहेर काढता येते आणि पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या स्वच्छ कव्हरमध्ये घालून वाचता येते. जुनं कव्हर फेकू नका, लेबल त्याच्यावर आहे.

फाइल उघडते, पण मराठीऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल बिघडली का?

नाही! सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि हे न कळल्यामुळे लोकांनी चांगल्या फ्लॉप्या टाकून दिल्यात.

त्या काळात युनिकोडमधली, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतातली मराठी आपल्या दुकानांपर्यंत पोचली नव्हती. फाइलमध्ये साठवलेली असायची इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप द्यायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा पाच रोमन अक्षरांचा असतो. फॉन्ट लावला की 'मराठी', काढला की गडबडगुंडा. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे सुरेख आणि योगेश, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. म्हणूनच सूचीत फॉन्टचा रकाना रिकामा राहिला तर फ्लॉपी वाचली गेली तरी मजकूर मुकाच राहतो.

फॉन्ट शोधायचा कसा? पेजमेकर किंवा वर्डची फाइल असेल तर ती हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. फॉन्टचं नाव बऱ्याचदा आतच रोमन अक्षरांत सापडतं. नुसती टेक्स्ट फाइल असेल तर त्याच खोक्यातल्या शेजारच्या फ्लॉप्या बघा. एका दुकानात सहसा एक-दोनच फॉन्ट चालायचे. (खोक्याचा क्रम मोडू नका म्हणालो, ते यासाठीही.) दुकानाच्या कॉम्प्युटरमधून फॉन्टची फाइल मिळाली तर ती सोन्यासारखी जपा.

डॉसच्या काळातल्या फ्लॉप्या वेगळ्या. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड ज्या कॉम्प्युटरमध्ये होतं तिथे मराठी इस्की या संकेतात साठवली जायची. लातूरहून आलेल्या एका सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लेबलवर निळ्या शाईत फक्त 'यादी २' होतं. फाइल उघडली तर चित्रविचित्र चिन्हं. कुठलाही फॉन्ट लागेना. शेवटी बाइटचे आकडेच बघायला घेतले: १७९, २१९, २०९, २३२, २०९, २१८, २०७, २२०. सगळे १६० च्या वरचे, म्हणजे इस्की असावी. तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर लिहीत गेलो. १७९ म्हणजे क. २१९ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, आणि ती क च्या *नंतर* आली, हीच इस्कीची खूण. फॉन्टवाल्या मजकुरात ती दिसते तशी क च्या आधी येते. मग ल, हलन्त, ल, काना, र, दीर्घ वेलांटी. कागदावर 'किल्लारी' उमटलं.

त्या रात्री पुढे काम झालं नाही.

ती यादी इंटरनेटवर टाकली का?

नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतरच्या काळातली ती कुटुंबांची यादी आहे. घरटी किती माणसं होती, किती राहिली. त्यातल्या कितीतरी घरांची मुलंबाळं आज लातूर-धाराशिवच्या पुनर्वसित गावांत राहतात. सूचीत मी 'यादी, खासगी, मागणीवर कुटुंबीयांना' एवढंच लिहिलंय. दोन घरांतले लोक येऊन आपापलं पान बघून गेले.

हाच नियम पतसंस्थेच्या कर्जखात्यांना, दवाखान्याच्या नोंदींना आणि घरगुती पत्रांना लावा. इमेज ठेवा, नोंद ठेवा, मजकूर उघडा करू नका. साहित्याचं वेगळं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. दिवाळी अंकातली कविता फ्लॉपीवर सापडली म्हणून आपली होत नाही. कवीला किंवा घरच्यांना विचारा. मी आजवर ज्यांना विचारलं त्यांनी आनंदाने होकारच दिला, आणि दोघांकडून आणखी फ्लॉप्या मिळाल्या.

फाइलवरची तारीख खरी मानायची का?

जपून. १ जानेवारी १९८० दिसली तर कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा सेल संपलेला होता, डॉसचं कॅलेंडर त्याच दिवशी सुरू होतं. मजकुरातून जास्त खात्रीचं कळतं. पत्रावर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असेल तर ते १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतरचं. 'जि. हिंगोली' असेल तर १ मे १९९९ नंतरचं, त्याआधी हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. फाइलची तारीख, मजकुरावरून काढलेली तारीख आणि ती कशावरून काढली, असे तीन रकाने ठेवा. लग्नपत्रिका तर वार, तिथी आणि मुहूर्तासकट साल सांगून जाते.

व्हायरसचं काय?

बऱ्याच फ्लॉप्यांवर असतात, बहुतेक बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या पहिल्या सेक्टरमध्ये. आपल्याकडे १९९० मध्ये सापडलेला 'जोशी' तर ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. नुसती इमेज काढल्याने तो चालू होत नाही, त्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं तर होतो. म्हणून मशीन चालू करताना ड्राइव्ह रिकामा ठेवा. मूळ इमेज साफ करू नका, शेऱ्यात व्हायरसचं नाव लिहा.

एकच फाइल पाच फ्लॉप्यांवर विभागलेली आहे.

पाचही मिळेपर्यंत थांबा आणि सूचीत त्यांना एकमेकींचे क्रमांक द्या. पीकेझिप या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रामने केलेल्या संचात आतल्या फाइलींची यादी *शेवटच्या* फ्लॉपीवर असते, आधी तीच शोधा. डॉसच्या बॅकअपमध्ये प्रत्येक फ्लॉपीवर 'बॅकअप' आणि 'कंट्रोल' या नावांपुढे ००१, ००२ असे आकडे दिसतात.

वेळ किती लागतो, जागा किती लागते?

चांगली फ्लॉपी एक-दोन मिनिटांत वाचली जाते, अडलेली अर्धा तास घेते. फोटो, तपासणी आणि नोंद धरून दिवसाला ३० झाल्या तर मी समाधानी असतो. जागेची काळजी नको, दोन हजार फ्लॉप्यांच्या इमेज तीन जीबीच्या आत मावतात. तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. माझी एक बहिणीकडे सेलूला आहे.

फ्लॉप्या ठेवायच्या कुठे?

आतल्या खोलीत, उभ्या, झाकणाच्या डब्यात, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. माळ्यावर, पत्र्याखाली, लोखंडी पेटीत नाही. स्पीकर आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर यांच्यापासून लांब.

जी वाचलीच गेली नाही तिची नोंद करायची का?

सगळ्यात नीट तिचीच करा. कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या तारखेला, किती वेळा प्रयत्न केला, कितव्या ट्रॅकवर (चकतीवरच्या गोल पट्ट्यावर) अडली, आवाज कसा होता. माझ्या वहीत अशा २१४ आहेत. क्रमांक ०८६२ तीन वर्षं त्या यादीत होती. गेल्या श्रावणात लातूरहून आणलेल्या ड्राइव्हवर सहज लावून बघितली, तर पूर्ण २,८८० सेक्टर आले. आत गंगाखेडच्या एका शाळेची स्मरणिका होती, मुलांनी लिहिलेली, ४२ पानांची. जुनी नोंद तशीच ठेवून तिच्याखाली नवी तारीख घातली.